प्लायमाउथचा पोळा

"बाबा, किल्ली द्या... आज गाडी मी चालवीन!"

मंजुषाने हात पुढे केला. भीमपूरच्या त्या घरात पुरणाचा वास दरवळत होता. खाटेवर बसलेल्या भगवंतरावांनी काचबिंदूने विझत आलेले डोळे लेकीच्या आवाजाकडे वळवले.

"तुहा भाऊ भूषण आला ना हैदराबादून? तो चालवन. एकदा शिंग मोडलंस, पुन्यांदा मोडाचं हाये काय?"

तेच शिंग! कितीतरी वर्षं तिच्या काळजात रुतून बसलेलं!

गाडी होती आजोबांनी हौसेने आणलेली अमेरिकी प्लायमाउथ; दिवाणासारखी ऐसपैस बैठक, आणि मागे दोन्ही बाजूंना आभाळाकडे उगारलेले पत्र्याचे उंच पंख. घरात ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली आणि पोळ्याच्या तोरणाखालून सर्वांआधी जायचा घरचा मान आता दुसऱ्याकडे जाणार, अशी वेळ आली, तेव्हा मंजुषाच्या आईनेच, गयाबाईंनीच, तोड काढली होती. "काऊन? हिलेबी शिंगं हायेत की!" तेव्हापासून दर पोळ्याला त्या पंखांना बैलांच्या शिंगांसारखा हिंगूळ लागे, बेगड चढे, स्टिअरिंगला नवा कासरा बांधून भगवंतराव गाडी तोरणाखालून नेत. गाव आधी पोट धरून हसले, मग त्यालाही सवय झाली.

लहानग्या मंजुषाला मांडीवर बसवून त्यांनी गाडी शिकवली होती. बापलेकीचं सगळं हितगुज त्या चाकावरच व्हायचं. मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी डावं शिंग फाटकाच्या खांबावर मोडलं, "म्या मोडलं, बाबा," असं ती म्हणाली... आणि चाकाला हात लावायची तिला कायमची बंदी झाली. गाडी पुसायची तिने, तेल बघायचं तिने, इंजिन तापवायचं तिने. चालवायची मात्र नाही! आई गेली, किराणा दुकान तिच्या अंगावर पडलं, बाप तिच्या हातचं जेवत राहिला, पण ते हितगुज काही परतलं नाही. आता मात्र बस्स! किल्ली आज मिळो न मिळो, मागायचं थांबायचं नाही, अशी तिने मनाशी गाठच बांधली होती.

बाहेर हॉर्न वाजला. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या वेडापायी नागपूरच्या प्रणिताताई हा पोळा पाहायला आपली तसलीच जुनी इम्पाला घेऊन आल्या होत्या. रंगवलेले पंख पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, क्रोमवर हिंगूळ? आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळातले बघतील तर चक्कर येऊन पडतील!" मग स्वतःच खदखदून हसल्या. "चढावर माझ्या गाडीची धाप ऐकली ना, की मी तिच्याशी बोलते. लोक वेडी म्हणतात."

"मीबी बोलते ताई, रोज," मंजुषा म्हणाली. "पण आमची उभ्या उभ्याच आयकते."

"म्हणजे? तू चालवत नाहीस?"

मंजुषाने आधीच लखलखीत असलेली काच पुन्हा पुसली.

तोरणापाशी वाजंत्री कडाडत होती, बैलांपुढे म्हणायच्या झडत्या रंगल्या होत्या. भूषण चाकावर, शेजारी भगवंतराव, आणि खिडकीला धरून मंजुषा पायी. भूषणने स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर ओढला... करर्र! गाडी जागीच अडकली. ना पुढे, ना मागे. मागच्या बैलांनी माना हलवायला सुरुवात केली.

"पोळा फुटाचा खोळंबला ना बाप्पा! मान दुसऱ्याले द्या!" कुणीतरी ओरडलं.

भूषणने घाबरून पुन्हा ओढलं. करर्र!

"थांब!" भगवंतराव ताठ झाले. "हाच आवाज... शिंग मोडलं त्या दिवशी म्या देवघरातून हाच आवाज आयकला होता. मंजूच्या हातानं गिअर कधी रडला नाई. तवा मले काऊन समजलं नाई?"

भूषणचा बांध फुटला.

"बाबा, म्या ठोकली होती गाडी! मले शाळेतून काढान म्हून ताईनं आपल्यावर घेतलं... अन् म्या गप बसलो, बाबा!"

भगवंतराव खिडकीकडे, लेकीकडे वळले. "बोलली काऊन नाईस, माय?"

"तो लहान होता, बाबा. तुमचा राग मले झेपन, असं वाटलं... नाई झेपला!"

पण रडत बसायला ती आली नव्हती! तिने बॉनेट उघडलं, एकमेकींत अडकलेल्या गिअरच्या दांड्या हाताने मोकळ्या केल्या आणि ग्रीसने काळा झालेला तोच हात पुन्हा बापापुढे धरला.

"किल्ली द्या. आजच्यापुरती नाई, बाबा. रोजची."

भगवंतरावांनी चाचपडत गाडीला लावलेली किल्ली काढली, स्टिअरिंगचा कासरा सोडला आणि दोन्ही तिच्या तळव्यावर ठेवून तो हात कपाळाला लावला. भूषण उतरला आणि बैलांतून वाट करत गाडीपुढे पायी चालू लागला.

मंजुषा चाकावर बसली. भगवंतराव कान देऊन होते. तिने दांडी ओढली, गाडी हलली, आणि प्लायमाउथची हिंगुळी शिंगं आंब्याच्या पानांखालून सरकली.

"आयकलं, बाबा?"

"काईच आयकू आलं नाई, माय... काईच नाई!" असं म्हणत भगवंतरावांनी तोंडावर उपरणं धरलं आणि भर पोळ्यात ते लहान पोरासारखे रडू लागले.