तिसऱ्या कपाआधी उठायचं नाही

"साक्षे, तू मधी पडू नको. चारच्या जीपनं ती वापस जाऊन राह्यली. विषय संपला," असं म्हणून सर्जेरावमामा फोन कानाला लावून निघूनही गेले.

साक्षीचा जीव थाऱ्यावर राहीना. दिवाळीच्या सुट्टीत ती जालन्याहून जाफराबादजवळ मामाच्या गावी आली होती आणि जिच्याशी तिची गट्टी जमली, त्या अल्माझताईलाच मामा हाकलत होते.

अल्माझताई इथिओपियाची. शेतकी शिकलेली. बियाणे कंपनीनं तिला मामांच्या जाळीच्या शेडनेटमध्ये दोन महिने काम शिकायला पाठवलं होतं. तिथं बायका मिरचीच्या एकेका फुलाला हातानं परागकण लावतात आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा गुंडाळतात. दोरा नसलेली मिरची बियाण्याला चालत नाही. आणि आठ दिवसांपासून नेमके दोरेच गायब होत होते! काल भरदुपारी मामांना अल्माझताईच्या मुठीत दोरे दिसले. झालं, लागला निकाल. आता तिच्या काम शिकल्याच्या कागदावर मामांची सही नाही.

"मोबाईलवर पाह्यलं मी," मामांचा सुमित म्हणाला. "तिकडं लोकायला खायलाच न्हाई. मंग चोऱ्या करतेतच ते."

"मंग ती दोरे खाती का?" धाकट्या अक्षतानं विचारलं.

साक्षीला हसू आलं नाही. मे महिन्यात पुण्याच्या शिबिरात एका मुलीनं तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "जालना म्हणजे दुष्काळ ना? मग तुम्ही आंघोळ करता का गं?" सगळ्या हसल्या होत्या. साक्षी उठून नळापाशी गेली होती आणि तिथं रडली होती. तो राग आज पुन्हा वर आला.

"तू कधी बोललास तिच्याशी?" तिनं सुमितला विचारलं. "चल, शेडवर नजर ठेवू. ती दोरे तोडताना दिसली तर मी गप बसते. न्हाई दिसली तर तू माफी मागायची."

बारा वाजता तिघं कडब्याच्या गंजीमागं दबा धरून बसले. कडबा टोचत होता. सुमित सारखा चुळबुळ करत होता आणि साक्षीचं लक्ष सारखं जीपच्या रस्त्याकडं जात होतं.

साडेबाराला मामा फोनवर बोलत शेडबाहेर आले. आत कीड-पाखरू शिरू नये म्हणून शेडला एकामागं एक दोन दारं असतात. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम. मामांनी दोन्ही दारं विटा लावून उघडीच ठेवली आणि रेंज शोधत थेट बांधावर गेले.

भुर्रकन चार चिमण्या आत शिरल्या. जरा वेळानं बाहेर आल्या, तेव्हा प्रत्येकीच्या चोचीत लाल दोरा होता.

"आयला," सुमित पुटपुटला.

तेवढ्यात अल्माझताई धावत आली. तिनं पुन्हा आत शिरणाऱ्या चिमण्या हुसकावल्या, खाली पडलेले दोरे गोळा केले, दारं लावली आणि वहीत वेळ लिहिली. साक्षीनं जाऊन ती वही पाहिली. आठ दिवस, आठ नोंदी.

"मामा को बोला था," अल्माझताई हळूच म्हणाली. "दरवाजा, चिड़िया. वो हँसे."

अक्षतानं तोवर चिमण्यांचा माग काढला होता. बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत घरटं होतं, लालेलाल.

मामांनी घरटं पाहिलं, वही पाहिली. मग म्हणाले, "चूक माझी हाय. पोरीनं बराबर सांगितल्तं. मीच ऐकून घेतलं न्हाई." त्यांनी सर्वांदेखत तिची माफी मागितली आणि कागदावर सही केली. सुमितनंही मान खाली घालून माफी मागितली.

अल्माझताईनं कॉफीच्या बिया भाजल्या. ओसरीभर वास दरवळला. मामांनी पहिला कप पिऊन उठायला घेतलं.

"बैठिए," ती म्हणाली. "हमारे यहाँ तीन कप. पहले कोई नहीं उठता."

मामा मुकाट खाली बसले. "पोरांनो, तुम्ही नसता तर लेकरू रडत गेलं असतं. शाब्बास," ते म्हणाले.

दुसऱ्या कपाला तिनं तिच्या गावच्या शेताबद्दल सांगितलं. मामा फोन उलटा ठेवून ऐकत होते. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

"तू जा रे," मामा ओरडले. "अजून एक कप बाकी हाय."