टिटवी आणि हिरवा दिवा

बटण दाबून दाबून ओवीचं बोट दुखायला लागलं, पण तो जुना कॉम्प्युटर ढिम्म हलेना! पंखा नाही, आवाज नाही, पडदा काळाकुट्ट. आणि नेमकं आजच! सूर्य मावळताना टिटवी चिखलदऱ्यावरून जाणार होती.

टिटवी म्हणजे ओवीच्या आबांनी कॉलेजात असताना मित्रांबरोबर बनवलेला चिमुकला उपग्रह. हल्ली ती घसरत घसरत खाली येत होती. आज तिला ‘इंजिन पेटव’ असा हुकूम गेला नाही, तर हवेत शिरून ती जळून खाक होणार! आणि हुकूम पाठवणारं कार्ड बसायचं फक्त या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये.

“खुटखुट, लाईट आहे का बघ रे!” आबांनी घरच्या यंत्रमानवाला फर्मावलं.

खुटखुटने कॉम्प्युटरच्या उघड्या खोक्यात डोकं खुपसलं. “लाईट आहे, आबा.”

आबा मटकन खाली बसले. “म्हणजे वीज पोचतेय. मग मदरबोर्डच (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) गेला. तो आता कुठे मिळायचा? संपलं गं, बाळा.”

ओवीला रडूच फुटणार होतं. पण काहीतरी खटकलं. “खुटखुट, तू नेमकं काय पाहिलंस?”

“पाटीवरचा हिरवा दिवा. लाईट म्हणजे दिवा.”

“अरे गाढवा!” आबा ताडकन उठले. “आपल्याकडे लाईट म्हणजे वीज!”

“पण आबा, दिवा लागलाय म्हणजे वीज आहेच ना?” ओवीने विचारलं.

“इथेच तर गंमत आहे! भिंतीतली वीज फार जोराची, दोनशेतीस व्होल्टची (व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा मोजायचं माप). ती थेट दिली तर सगळं करपेल. म्हणून ही पेटी, पॉवर सप्लाय, तिचा जोर कमी करते आणि वाटे पाडते. पंख्याला बारा व्होल्ट, कुणाला पाच, कुणाला जेमतेम तीन.”

“बाबांना अख्खी भाकरी आणि बाळाला दुधात कुस्करून, तसं?”

“अगदी तसं! आणि एक तार कॉम्प्युटर बंद असतानाही जागी असते, बटण दाबल्याचं कळावं म्हणून. हिरवा दिवा तिच्यावर लागतो. बाकीच्या तारा मेल्या तरी तो लागेलच!”

आबांनी बारा व्होल्टच्या तारेला मीटर लावलं. ओवीने बटण दाबलं. काटा हललाच नाही.

“शून्य! शून्य!” ओवी नाचायलाच लागली. म्हणजे पाटी शाबूत असेल, मेली असेल ती पेटी! “पण दुसरी आणायची कुठून?”

“माझ्या चार्जिंगच्या चौथऱ्यात आहे,” खुटखुट म्हणाला. “आबांनीच दुसऱ्या एका जुन्या कॉम्प्युटरची काढून बसवलीय.”

“आणि तुझं काय?”

“बॅटरी थोडी उरलीय. घोळ मीच घातला ना? काढा पटकन!”

दोन्हीकडचे प्लग आधी उपसले. ओवी पेटीचं झाकण उघडायला गेली, तशी आबांनी तिचा हात धरला. “ही कधीच उघडायची नाही हं! आत धारित्रं (वीज साठवून ठेवणारे भाग) असतात. प्लग काढल्यावरही सणसणीत झटका देतात.”

मग मागचे स्क्रू काढले, खटके दाबून तारांची टोकं सोडवली. चौथऱ्यातली पेटी बसवून टोकं तिथल्या तिथे लावली. आकार जुळल्याशिवाय ती आत जातच नव्हती, म्हणून चुकायची भीती नव्हती. आकाश लाल झालं होतं. ओवीने बटण दाबलं.

घर्रर्र! पंखा फिरला! आबांनी धडाधड हुकूम टाइप करून पाठवला.

ओवीने स्पीकरला कान लावला. आणि मग स्पीकरमधून आलं, “टिट्-टिट्-टिटिव!” टिटवीचं इंजिन पेटलं होतं. पडद्यावर तिची उंची वाढू लागली, आणि आबा भर खोलीत लहान मुलासारखे उड्या मारू लागले.

“आता हिला एक मैत्रीण हवी,” ओवी म्हणाली. “मी बनवणार!”

“ओवी...” खुटखुटचे डोळे मिणमिणत होते. “लाईट जातेय.”

“कुठली रे? दिवा की वीज?”

“आपल्याकडची,” तो कसाबसा म्हणाला.

ओवीने कॉम्प्युटर बंद करून प्लग उपसला आणि हसत हसत पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.