डबल बेल

प्रयत्न तेरावा ते सोळावा. टिल्लूची नोंद.

४ वाजून १२ मिनिटे. शलाकाने नाक खाजवले. मी समजलो, चल. चाललो. दोघेही दरीत.
४ वाजून १४. कपाटामागून कुणीतरी कुणाला तरी म्हणाले, चल, घरी जाऊ. चाललो. दोघेही दरीत.
४ वाजून १५. ओवेस शिंकला. दोघेही दरीत.
४ वाजून १७. कुणीच काही केले नाही. पंख्याने शलाकाची ओढणी हलली. दोघेही दरीत.

आता कोडे असे. टिल्लूचे डोळे तीक्ष्ण होते. कानही तीक्ष्ण होते. मग तो चुकत का होता?

थोडे मागे जाऊ.

टिल्लू म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा यंत्रमानव. गावाच्या वाचनालयात तो पंधरा दिवसांसाठी पाहुणा आला होता. त्याच्यासमोर बसायचे, हात हलवायचा किंवा बोलायचे, की पडद्यावरचा खेळ चालतो. बटणे नाहीत. तो न दिसणारा प्रकाश सोडतो, तो प्रकाश तुमच्या बोटावर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून बोट किती दूर आहे ते टिल्लूला कळते. बोट इंचभर हलले तरी कळते.

खेळ दोघांचा होता. झुलत्या पुलावरून दोन पात्रे एक लांब शिडी वाहून नेतात. एकाच वेळी पाऊल टाकायचे, फळी झुकली की एकाच वेळी थांबायचे. एक चुकला तर शिडी तिरकी होते आणि दोघेही दरीत.

शलाकाचा जोडीदार होता ओवेस मुजावर, तिच्याच वर्गातला. ओवेसला स्नायूंची ताकद हळूहळू कमी होण्याचा आजार आहे. चाकांच्या खुर्चीत बसून तो उजव्या हाताची दोन बोटे इंचभर उचलू शकतो. बटण दाबायला लागणारा जोर त्या बोटांत उरलेला नाही. म्हणजे टिल्लू राहिला तर ओवेस खेळणार. टिल्लू परत गेला तर ओवेस पुन्हा मागे बसून इतरांचा खेळ बघणार.

आणि शनिवारी निर्णय होता. ग्रंथपाल पाटणकरबाईंनी सांगून ठेवले होते की शनिवारी सगळ्यांसमोर तुम्ही दोघे पूल पार करून दाखवा. जमले तर टिल्लूला ठेवून घेऊ, नाहीतर खोक्यात भरून परत पाठवू. मुलांच्या तक्रारी फार येत होत्या. सर्वात जास्त सर्वेशच्या. तो बटणांवरचा पट्टीचा खेळाडू.

"माझा अंगठा बघ. दाबला की उडी. तुमचा डबा आधी विचार करतो आणि मग दरीत पडतो," तो म्हणायचा.

प्रयत्न सतरावा ते एकतिसावा. एकदमच सांगू, कारण सगळे दरीतच संपले.

शलाकाने आधी टिल्लूचा उंबरठा वाढवला (उंबरठा म्हणजे यंत्रासाठी ठरवलेली मर्यादा, त्याहून लहान हालचालीकडे ते लक्ष देत नाही). नाक खाजवणे, शिंक, ओढणी, सगळे बाद झाले. आता चुका शून्य, असे टिल्लूने जाहीर केले.

मग ओवेसची पाळी आली. त्याने बोटे उचलली. पात्र उभेच. पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा उचलताना त्याच्या कपाळावर घाम आला. टिल्लूच्या लेखी काहीच घडले नव्हते.

"म्हणजे चुका शून्य," ओवेस म्हणाला, "आणि मीपण शून्य."

शलाकाने उंबरठा पुन्हा खाली आणला.

मग त्यांनी टिल्लूला घाई करू नकोस म्हणून सांगितले. हालचाल दिसली की सेकंदभर थांब, खात्री कर, मगच चाल. पण त्यामुळे विलंब वाढला (विलंब म्हणजे इकडे बोट हलल्यापासून तिकडे पात्र हलेपर्यंत जाणारा वेळ). पूल झुलता होता. सेकंदभराने पाऊल पडायचे तोवर फळी तिथे नसायची.

आवाज ओळखायलाही शिकवून झाले. फक्त ओवेसचाच 'चल' ऐकायचा, दुसऱ्याचा नाही. पण दुपारनंतर थकव्याने ओवेसचा आवाज बसतो, आणि टिल्लू त्यालाच परका समजू लागला.

गुरुवार संपत आला होता.

मध्येच एक बस.

शलाकाला न्यायला तिची आजी आली. वत्सलाआजी एकवीस वर्षे एसटीत कंडक्टर होती, बहुतेक वेळ कराड-चिपळूण. आता बस आपली आपणच चालते, कंडक्टर नसतो, पण आजी अजूनही बसमध्ये चढली की आधी मागचे दार नीट लागले का ते बघते.

खेळ आटोपेपर्यंत ती वर्तमानपत्र घेऊन बसली. दोघे चार वेळा दरीत पडल्यावर तिने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि टिल्लूकडे वळली. तुला चल म्हणून सांगायला काय करायचे, असे तिने त्याला विचारले. बोटे एकदा उचलायची किंवा 'चल' म्हणायचे, टिल्लू म्हणाला. मग थांब म्हणायला? बोटे दोनदा उचलायची. खेळात चालणे जास्त वेळा लागते म्हणून ते सोपे ठेवले आहे, हेही त्याने अभिमानाने सांगितले.

आजी हसली.

"उलटं बांधलंय की रे तुला. आमच्या गाडीत एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही."

शलाकाने बसमधली दोरी कधी पाहिलेली नव्हती. आजीने हवेत हात फिरवून ती दाखवली. छताखालून पुढपासून मागपर्यंत दोरी, तिच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी. कंडक्टरने ओढली की वाजते. गर्दीत मात्र ती कुणाच्याही हाताने वाजायची. कुणाची पिशवी अडकायची, कुणी तोल सावरायला दोरीच धरायचे.

एकदाच ओढून गाडी का निघू नये, टिल्लूने विचारले. वेळ वाचला असता.

"पाटणला एक म्हातारी चढत होती," आजी म्हणाली. "एक पाय पायरीवर, एक खाली. तेवढ्यात एका पोराची छत्री अडकली दोरीत. घंटी वाजली. एकच. गाडी उभीच होती, उभीच राहिली. एका घंटीला गाडी निघत असती, तर?"

ओवेस पडद्यावरच्या पुलाकडे बघत होता.

"आजी," तो हळू म्हणाला, "म्हणजे चूक होणारच. ती कुठल्या बाजूला पडावी ते आपण ठरवायचं."

हेच ते. बारा दिवस तिघे मिळून चूक होऊच नये म्हणून झटत होते. पण नाक खाजणारच, शिंक येणारच. यंत्राला हालचाल दिसते, पण ती आपल्यासाठी होती की नव्हती हे दिसत नाही. यंत्राने नसलेला हुकूम ऐकला, तर त्याला खोटा होकार म्हणू (कुणी हाक मारलेली नसताना ओ देणे). तो पूर्ण पुसता येत नाही. मग निदान त्याने बस निघू नये, फक्त थांबावी.

टिल्लूने आपल्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. बोट चुकून एकदा हलले, असे एकूण चारशे अकरा वेळा घडले होते. चुकून दोनदा, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत, फक्त पाच वेळा. आणि दोन लहान हालचालींना मोठी ताकद लागत नाही. उंबरठा खालीच ठेवला तरी चालणार होते.

मग आवाजाचेही 'चल' दोनदा करू, शलाका म्हणाली. आजीने नुसते दाराकडे बोट दाखवले. तिथे एक आई मुलाला ओढत नेत होती: चल चल, उशीर झाला.

म्हणून असे ठरले. चल फक्त बोटांनी, दोनदा, आणि ज्याचे पात्र त्याच्याच बोटांनी. थांब मात्र कशानेही: बोट एकदा हलले तरी, किंवा आवाजाने, कुणाच्याही.

प्रयत्न चौसष्टावा. शनिवार.

वाचनालयाच्या खोलीत वीसेक मुले जमली होती. पाटणकरबाई खोके घेऊनच बसल्या होत्या, रिकामे, उघडे.

पुलाच्या मध्यावर सर्वेश मागून मोठ्याने म्हणाला, "चल, चल, चल." मुले हसली. पडद्यावर काहीच हलले नाही. मग दोघांनी बोटे दोनदा उचलली तोच तो म्हणाला, "बरं, थांब." पुढचे पाऊल टाकायला निघालेली पात्रे जागच्या जागी थांबली. फळी झुकली, शिडी डुलली. शिडी पुन्हा सरळ झाली.

कुणीही दरीत पडले नव्हते.

ओवेसने शलाकाकडे पाहिले. तिने मान हलवली. त्याची दोन बोटे उठली, टेकली, पुन्हा उठली. तिचीही उठली. पाऊल. पाऊल. आठ फळ्या. चार. शेवटची.

सर्वेशने नंतर टिल्लूशी आपल्या आवडत्या उड्यांच्या खेळात पैज लावली आणि सहज जिंकला. जिथे डोळ्यांची पापणी लवायच्या आत उडी मारायची असते तिथे बटणच बरे, हे टिल्लूने न कुरकुरता नोंदवले. दोनदा उचलण्यात जाणारा वेळ तो लपवू शकत नव्हता. पाटणकरबाईंनी बटणेही ठेवली आणि टिल्लूही. खोक्यात त्यांनी जुनी मासिके भरली.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर ओवेसने टिल्लूला एक प्रश्न विचारला. त्याच्या खुर्चीला मोटर होती, पण ती चालवायची दांडी ढकलायला आता त्याच्या हातात जोर नव्हता. मागून कुणीतरी, बहुतेकदा अम्मी, खुर्ची न्यायची. जेव्हा तिला वेळ असेल तेव्हा, तिला वाटेल तिकडे. या बोटांची खूण तू खुर्चीला कळवू शकशील का?

खुर्ची पडद्यावर नसते, तिला खरी पायरी लागते, खरा रस्ता लागतो, म्हणून पुष्कळ तपासावे लागेल, टिल्लू म्हणाला. पण वळणे नंतर शिकता येतील, सुरुवात याच नियमाने करता येईल. शलाका आताच वहीत रेघा मारू लागली होती.

"थांब कुणाचं ऐकू?" टिल्लूने विचारले.

"कुणाचंही," ओवेस म्हणाला. "अम्मीचं, शलाकाचं, रस्त्यावरच्या कुणाचंही."

"आणि चल?"

ओवेसने बोटे उचलली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"फक्त माझं."