तालमीतला शड्डू

अनिरुद्ध तिथे गेला तो मापं घ्यायला. वीस मिनिटांचं काम होतं.

हा अनिरुद्ध मेश्राम म्हणजे आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा. मूळचा चंद्रपूरचा, राहायला वाघोलीला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे काढायचं आमचं काम. मी रिटायर झालो तरी अजून फोन करतो बिचारा. तेव्हा हे ऐकीव नाही, पोरांनो. त्याने स्वतः मला सांगितलंय, एकदाच, आणि परत विचारायचं नाही या बोलीवर. लाईट येईपर्यंत सांगतो. तेजस, तो टॉर्च विझव आधी. एकमेकांची तोंडं काय रोजच बघता.

तारीख १९ जानेवारी २०२५. रविवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, काही नाही.

त्याची धाकटी बहीण मैत्री चार दिवसांसाठी पुणं बघायला आली होती. चंद्रपूरला शाळेत शिकवते. सकाळपासून दोघं पायपीट करत होते. पाताळेश्वर झालं, शनिवारवाडा झाला, विश्रामबागवाड्याचं लाकडी नक्षीकाम झालं. हा प्रत्येक खांबापाशी थांबणार, ती पुढे जाऊन परत मागे येणार.

"दादा, तू माणसांकडे कधी बघतोस का रे? का नुसतेच खांब?"

"खांब वाद घालत नाहीत," हा म्हणाला.

संध्याकाळी पावणेसातला ते पेठेतल्या एका तालमीपाशी आले. कुठल्या, ते सांगणार नाही. तिथे आजही पोरं कुस्ती करतात. दुरुस्ती निघाली होती आणि आतल्या खोलीची मापं घ्यायची राहिली होती. रविवारी तालीम बंद, म्हणून हा दिवस धरला.

तालमीची किल्ली सांभाळणारे रंगनाथराव पायरीवर बसले होते. सत्तरीचे. त्यांनी घड्याळ बघितलं.

"साडेसहा म्हणाला होतात."

"सॉरी काका, ट्रॅफिक होता."

"ट्रॅफिक काय आज नवीन आलाय पुण्यात? सव्वासातला कुलूप लावणार. आणि ताई, तुम्ही इथेच थांबायचं. पाटी वाचा."

दारावर पाटी होती. स्त्रियांना आत प्रवेश नाही. कारण विचारू नये.

मैत्रीने ती मोठ्याने वाचली आणि पायरीवर बसकण मारली. "जा बाबा. मी बाहेरून आर्किटेक्चर बघते."

रंगनाथराव दूध आणायला गेले. अनिरुद्धने जाता जाता तिला दार दाखवलं. "बघ, साडेचार फुटांचं आहे. कितीही मोठा पैलवान असो, वाकूनच आत जायचं. भिंती तीन फूट जाड. खोली जमिनीत उतरवलेली आणि वर एकच झरोका. वारा लागू नये, घाम निघावा, म्हणून अशी बांधणी."

"घाम निघाला की सांग," ती म्हणाली.

तो वाकून आत गेला. चार पायऱ्या उतरला. बाहेरच्या खोलीत एक पिवळा दिवा होता. आतल्या खोलीत तोही नाही. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा. लाल माती, त्यात ताक, तेल, हळद मुरलेली. चार कोपऱ्यांना सागवानी खांब. समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती.

मुलगा संस्कारी. बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोबाईलचा टॉर्च लावून कट्ट्यावर ठेवला आणि अनवाणी हौद्यात उतरला. हातात लेझरचं मापाचं यंत्र. आजकाल टेप धरायला दुसरा माणूस लागत नाही. बटण दाबलं की लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो आणि अंतराचा आकडा दिसतो.

पहिलं माप आलं पाच मीटर बेचाळीस. त्याने वहीत लिहिलं.

तेवढ्यात मांडीवर, पँटवरूनच, डास चावला. याने फटकन मारला.

तुम्ही कुस्ती बघितली असेल तर तुम्हाला माहीत आहे. हौद्यात उभं राहून मांडीवर थाप मारली, की त्याला शड्डू म्हणतात. शड्डू ठोकला म्हणजे काय? ये, कोण येतोस ते. आव्हान. रोज तिथे उत्तर द्यायला दुसरा पैलवान असतो; आज समोर कोणी नव्हतं.

याच्या ते गावीही नव्हतं.

समोरून उत्तर आलं. फट्‌.

अनिरुद्धला वाटलं, आवाज घुमला. तीन फुटी भिंती, घुमणारच. तो क्षणभर थांबला. मग पुन्हा, जोरात, दोनदा. फट्‌. फट्‌.

"मैत्री, टाळ्या वाजवतेस का?"

"मी कशाला वाजवू?" बाहेरून आवाज आला. "तूच काय आपटतोयस?"

त्याने यंत्र उचललं. माप दुसऱ्यांदा तपासून घ्यावं म्हणून. तीच जागा, तीच भिंत.

चार मीटर दहा.

चुकलं असेल. पुन्हा दाबलं.

दोन साठ.

टॉर्चच्या उजेडात समोर कोणीच नव्हतं. माती होती. भिंत होती. तेलाचा आणि घामाचा वास मात्र एकदम वाढला... आणि लाल ठिपका भिंतीवर नव्हता. कुठेच नव्हता.

त्याने पुन्हा बटण दाबलं.

शून्य नव्वद.

...

मानेवर थाप पडली.

पैलवान समोरच्याची ताकद पडताळायला मारतात तशी. एवढी जड की गुडघे वाकले. यंत्र उडून खांबावर फुटलं. हा वळणार, तोच दोन हात कमरेभोवती आले. ओले. थंड. याचे पाय जमिनीवरून सुटले, टॉर्च डोळ्यांसमोरून गरकन फिरला, आणि हा तोंडावर आदळला. खालचा ओठ दातांत सापडून फाटला. तोंडात रक्त, नाकात माती.

ओरडायला श्वास नव्हता. पाठीवर कोणीतरी बसलं होतं.

एक गुडघा पाठीच्या कण्यावर. एक पंजा मानेवर. मान मातीत दाबली जात होती. याने हात मागे घालून तो पंजा धरला. तर त्याच पंजाने याची करंगळी पकडली आणि उलटी वाकवली. सावकाश. घाई नाही. कट्‌ आवाज झाला, तो याने दुखण्याआधी ऐकला.

जिवाच्या आकांताने याने मान वळवली आणि जे तोंडाशी आलं त्याला कडकडून चावला. तोंडात माती आली. नुसती माती.

लहानपणी जत्रेत पाहिलेलं त्याला आठवलं. पाठ टेकली की कुस्ती संपते. चीत झालं की सोडतात. त्याने सगळं बळ लावून कूस बदलली आणि आपण होऊन पाठ मातीला टेकवली. दोन्ही खांदे. हरलो. हरलो मी.

पाठ टेकली... एक क्षण शांत झालं.

मग त्याला पुन्हा पालथं घातलं गेलं.

पाठीवर जो बसला होता, त्याला जिंकायचंच नव्हतं.

डावा हात पिरगळून पाठीवर चढवला गेला. वर. अजून वर. खांदा खोबणीतून निघाला. डोकं मातीवर आपटलं, उचललं, पुन्हा आपटलं. कानापाशी कोणाचा तरी श्वास लागत होता, धापा टाकल्यासारखा. मग दोन्ही पंजे हनुवटीखाली आले. मान मागे ओढली जाऊ लागली.

भाग्यश्री, घाबरली असशील तर आत जा. नाही? मग ऐक.

मैत्रीला धप्पकन आवाज आला होता. तिने दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला उत्तर म्हणून तिला फक्त घरघर ऐकू आली. तिने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. वाकली, पायऱ्या उतरली, आत धावली.

तिने काय बघितलं? भाऊ पालथा पडलाय. अंगावर कोणी नाही. आणि डोकं मागे वाकत चाललंय, धनुष्यासारखं. गळ्याच्या कातडीत बोटांचे खड्डे पडलेत. दहा खड्डे.

तिने चपलांसकट हौद्यात उडी मारली. भावाचे पाय धरले आणि ओढायला लागली. पलीकडून कोणी त्याला ओढत होतं. हिच्या टाचा मातीत रुतल्या. चार दिवस ही बाई पुण्यात शुद्ध पुस्तकी बोलत होती. आता तोंडून घरचं निघालं.

"सोड! माह्या भावाले सोड म्हणते ना! माह्या भावाले सोड!"

...

आणि सोडलं.

एकदम सोडलं. ती मागे पडली, हा तिच्या अंगावर. टॉर्च तसाच जळत होता. ओढत, रांगत दोघं पायऱ्यांवर आले. त्याच्या तोंडातून लाल चिखल गळत होता. तो पुटपुटत होता, "हरलो म्हटलं ना... हरलो म्हटलं..."

रंगनाथराव दुधाची पिशवी घेऊन दारात उभे. त्यांनी याच्याकडे पाहिलं. मग तिच्या मातीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता पाटीवरून बोलणार.

ते मटकन खाली बसले. "ताई, तुम्ही आत गेलात?"

"मग काय मरू देऊ?" ती किंचाळली.

रिक्षा आली, अनिरुद्धला आत घातलं, तेव्हा म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या वस्तादाने चिडून एका पोराला पालथा घातला आणि मान मोडेपर्यंत सोडला नाही. आम्ही सगळे बघत होतो. त्याची बहीण इथेच दारात उभी राहून ओरडत होती, सोडा, माझ्या भावाला सोडा. तिला आम्ही आत येऊ दिलं नाही. ही पाटी त्याच्या दुसऱ्या दिवशी लागली."

"म्हणजे आत तो पोरगा आहे?" मैत्रीने विचारलं. "की वस्ताद?"

"ते आम्ही कधी विचारलं नाही," रंगनाथराव म्हणाले आणि कुलूप लावायला वळले. आत टॉर्च जळतच राहिला होता. अनिरुद्धकडून तो मोबाईल आणायला नंतर कोणीही गेलं नाही.

अनिरुद्धचा खांदा रात्री दहाला बसवला. करंगळीला प्लॅस्टर. ओठाला चार टाके. पोलिसांत काय सांगणार? दवाखान्याच्या कागदावर जिन्यावरून पडला म्हणून लिहिलं. मैत्री दोन दिवस जास्त राहिली आणि गेली.

पंधरा दिवसांनी पट्टी सोडायला तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीण बाईंनी खांदा तपासला, मान तपासली. मग त्याचा डावा कान दोन बोटांत धरून दाबला.

"कुस्ती कधी सोडलीत?"

"मी? मी कधी खेळलोच नाही."

त्या हसल्या. "अहो, लपवताय कशाला? हा पैलवानाचा कान आहे. मातीत घासून घासून आतली कूर्चा मोडते आणि कडक होते. पंधरा दिवसांत असा होत नाही. निदान दहा-बारा वर्षांचा आहे हा."

त्याने आरशात बघितलं. उजवा कान त्याचा होता, जन्मापासूनचा, पातळ. डावा जाड, मिटलेला, गाठोड्यासारखा. दुखत नाही. कधी दुखला नाही.

तेजस, तू विचारणार, खरं कशावरून? वाघोलीला जा आणि बघून ये. डाव्या कानात इयरफोन बसत नाही त्याच्या.