अलर्ट बंद

क्लाउडवर काय चाललंय यावर नजर ठेवणं हे आमचं काम. कुणी आत शिरलं, कुणाचा पासवर्ड चुकला, बारीकसारीक प्रत्येक गोष्टीची लॉगमध्ये नोंद होते. नोंदी ढिगाने येतात. त्यातली एखादी खटकली, तरच अलर्ट वाजतो आणि माणूस मान वर करतो. वाजलं नाही, तर घडलेलं कुणाच्या गावीही नसतं.

मास्तर माझ्या शेजारी बसायचा. सगळ्यांच्या चुका काढायचा, म्हणून मास्तर. माझ्या चुका तर थेट साहेबांपर्यंत पोचवायचा. स्वतः मात्र रोज पासवर्ड चुकवायचा आणि अलर्ट माझ्या कानाशी कोकलायचा.

"किती वेळा चुकवाल? डोकं उठलंय माझं."

"मग कान बंद कर. नाहीतरी तुला कुठे काय कळतं?"

माझं पित्त खवळलं. मी नियम लिहिला: मास्तरच्या खात्यावरून काहीही होवो, नोंद ठेवायची, अलर्ट वाजवायचा नाही.

दुपारच्या मीटिंगमध्ये मास्तर बोलत असतानाच साहेबांनी दुसऱ्याला सुरुवात करायला सांगितलं. मास्तरने टेबलावर मूठ आपटली. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने सांडलेली कॉफी पुसली आणि मान डोलावत त्या दुसऱ्याचं ऐकत राहिली. मला हसू आलं.

मग त्याने उठून साहेबांची कॉलर धरली. गदागदा हलवलं. शर्टाचं बटण तुटून माझ्या पायाशी घरंगळलं. साहेब पुढच्या तिमाहीबद्दल बोलतच राहिले.

मास्तरने कॉलर सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू केलंस हे."

मी धावत जागेवर आले. नियम काढून टाकला. तो काढल्याची नोंद आली. तिच्याखाली मास्तरच्या नोंदी येतच राहिल्या. एकही वाजली नाही.

साहेब मीटिंग संपवून बाहेर आले. "साहेब, मास्तरांकडे बघा ना!"

"कुणाकडे?" त्यांनी गळ्यावरचा लाल ओरखडा खाजवला आणि फोन उचलला.

मी वळले. शेजारच्या खुर्चीत मलाही कुणी दिसलं नाही. खुर्ची मात्र हळूहळू फिरत होती.

स्क्रीनवर नवी नोंद उमटली. खातं मास्तरचं. यंत्र माझा लॅपटॉप, जो आज मी घरीच ठेवला होता. प्रवेश यशस्वी.

घरी आई एकटी होती.

टॅक्सीतून तिला फोन लावला, घरात कुणी आलंय का विचारलं. "अगं, कोण येणार आहे? मी मटार सोलतेय," ती म्हणाली. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. ती थांबलीही नाही.

दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात काचांचा सडा, आणि त्यात अनवाणी पाय ठेवून आई टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. तिच्या डाव्या मनगटावर पाच बोटांचे ताजे वळ होते.

"आई, हे कुणी केलं?"

तिने हात उलटसुलट करून पाहिला. "कुठे काय?"

"चल. आत्ताच्या आत्ता बाहेर चल."

"एवढे सोलून होऊ देत गं. चहा टाकू का तुला?"

तिचा उजवा हात टेबलावरून सावकाश वर उचलला गेला. मनगटाशी कातडी पांढरी पडत चालली होती.

आई माझ्याकडे बघून हसत होती.