दारातल्याला दिलेला मान

पोरांनो, दार लोटून घ्या. वारं येतंय म्हणून म्हणतोय, दुसरं काही नाही.

आमच्या थोरल्याचा एक दोस्त होता, रंगारी. हातात कला आणि जिभेवर साखर. हवालदाराला इन्स्पेक्टरसाहेब म्हणायचा, कंपाउंडरला डॉक्टरसाहेब. "आपल्या खिशातलं काय जातंय? समोरचा खूश!" असं वर हसून सांगायचा.

त्याला एका जुन्या प्रार्थनाघराची भिंत नव्याने रंगवायचं काम मिळालं होतं. भिंतीवर सैतानांच्या तीन रांगा. तिथले म्हातारे गुरुजी शिडीखाली उभे राहून समजावत, "कुठलाही धर्म घे, यांची उतरंड लावलेली आहेच. कुणी सेनापती-शिपाई केले, कुणी पापांवरून वाटणी केली. आमच्याकडे तीन पायऱ्या. खालचे नुसते दारात उभे राहतात. मधले घरात येऊन बसतात. वरचे... माणूस घेऊन जातात."

"मग खालच्याला बढती मिळते का हो, महाराज?" रंगाऱ्याने दात काढले.

गुरुजी हसले नाहीत. "मिळते. माणसाने मान दिला की."

त्याच आठवड्यातली गोष्ट. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रंगाऱ्याची सहा वर्षांची पोर तापाने फणफणली होती. बायको रात्रपाळीला. शेजारच्या काकूंना पोरीजवळ बसवून हा औषध आणायला गेला. काकू म्हणाल्या, "तू जा, तोवर मी डॉक्टरांना फोन लावते."

औषध घेऊन परतला तेव्हा पावणेबारा वाजले होते. दारात एक उंच माणूस उभा. तोंड अंधारात. रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो, मोठे डॉक्टरसाहेब! बाहेर का उभे? या, या. आत या, बसा."

माणूस वळला. मान खाली घालून आत गेला. रंगारी चप्पल काढून मागोमाग शिरला.

खोलीत काकू एकट्या.

"कुणाशी बोलत होतास रे?"

"डॉक्टरसाहेब आत आले ना आत्ता..."

"कुठले डॉक्टर? फोन लागलाच नाही."

तेवढ्यात पोर कण्हली. "बाबा... पायाशी कोण बसलंय?"

दोघांनी पाहिलं. पायथ्याशी गादी दबत होती. हळूहळू. खोल.

काकू उठून भिंतीकडे सरकल्या.

रंगाऱ्याने हात जोडले. तोंड उघडलं... आणि थांबला. काय म्हणणार? मालक? मायबाप? महाराज, पोरीला सोडा? जन्मभर दुसरं काही बोलायला शिकलाच नव्हता. एक शब्द... आणि वरची पायरी.

त्याने तोंडावर हात दाबला.

"बाबा, बोला ना."

...

"बाबा..."

डोळ्यांतून धारा. तोंडातून शब्द नाही. पोरीचा हात धरून बसला. गादी तशीच. रात्र सरता सरेना.

पहाटे ताप उतरला. पोर वाचली. आता कॉलेजात जाते. रंगारी मात्र घरात तोंड उघडत नाही. काही सांगायचं असलं की पोरीला खुणेने अंगणात बोलावतो.

मागच्या महिन्यात तिच्यासाठी नवीकोरी गादी आणली. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. रात्रभर नुसती पलंगावर टाकून ठेवली होती. सकाळी बघतात तर... पायथ्याशी, माणूस बसावा एवढा खड्डा.