कंसात व्हॉइड

सी भाषेतला प्रोग्रॅम मेन नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. ते कसं लिहायचं यावरून साहेबांचं आणि माझं वर्षभर वाजतंय. इंट म्हणजे शेवटी एक आकडा परत द्यायचा, व्हॉइड म्हणजे काहीच नाही. साहेब म्हणतात, "कशाला इंट मेन? व्हॉइड मेन लिही. प्रोग्रॅम संपला, विषय संपला." माझं म्हणणं, काम झाल्यावर प्रोग्रॅमने उत्तर द्यायलाच हवं. सगळं ठीक असेल तर शून्य.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बारा खाटांचा वॉर्ड आहे. तिथली यंत्रं तपासणारा प्रोग्रॅम माझा. रोज सकाळी दहाला मी तो स्वतः चालवते. बाहेरून दिलेले शब्द मेनच्या कंसात येतात, आधी त्यांची संख्या, मग ते शब्द. मी फक्त प्रोग्रॅमचं नाव टाइप करते, तो एक शब्द धरून संख्या एक यायला हवी.

सोमवारी दोन आली. दुसरा शब्द होता ५. मी किबोर्ड उलटा करून झटकला आणि कामाला लागले. दुपारी पाच नंबरचे आजोबा गेले.

बुधवारी दुसरा शब्द ११. संध्याकाळी अकरावरची गादी उन्हात टाकलेली दिसली. साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "योगायोग," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

गुरुवारी ३.

तीनवर माझी ताई होती. न्यूमोनिया उतरत आलेला, शनिवारी घरी जायची होती. मग डोक्यात अशी तिडीक गेली! प्रोग्रॅम माझा, त्यात कोण शिरणार ते मी ठरवणार. मेनची ओळ खोडून नवी लिहिली: इंट मेन, कंसात व्हॉइड. म्हणजे बाहेरून काहीही घ्यायचं नाही. शेवटी शून्य परत द्यायचं, बस्स.

चालवला. परत आलेलं उत्तर स्क्रीनवर उमटलं: ३.

कोडमध्ये तीन कुठेच नव्हता.

लॅपटॉप काखोटीला मारून मी वॉर्डात गेले. "ताई, सातवर चल."

"का गं? इथे खिडकी आहे की."

"चल म्हटलं ना!"

सिस्टरने कुरकुरत चादर बदलली. ताई सातवर टेकल्यावर मी पुन्हा चालवला.

७.

"काय झालं? तोंड का असं पडलंय?"

"काही नाही." मला रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त होता. बारा खाटा आहेत. फिरवत राहीन. आधी तेच थकेल, मी नाही.

आठ रिकामी होती. मी मनातच ठरवलं. कोणाला बोलले नाही, तिकडे बघितलंसुद्धा नाही. प्रोग्रॅम आणखी एकदा चालवला आणि ताईच्या खांद्याखाली हात घातला.

ताई अजून सातवरच होती. स्क्रीनवर ८.